मास्तर, फूटपट्टी द्या!

गेल्या वर्षी नेलेली माझी लाकडी फूटपट्टी शेजारच्या तांडेलाने परवा परत आणून दिली. आषाढाचा पाऊस दारात कोसळत होता आणि पट्टीला बांगड्याचे तीन-चार खवले चिकटलेले होते. मी गणित शिकवून निवृत्त झालेला माणूस. वस्तू परत आली याचंच अप्रूप. पण तांडेल दारातून हलेना.

"मास्तर, मोठी आसा काय? ही फक्त तीस सेंटिमीटर. घोळ गावली तर मोजतलंय कशान?"

चाळीस वर्षं दर्यावर काढलेला हा माणूस. पाण्याचा रंग बघून बांगड्याचा थवा ओळखतो, वाऱ्याचा वास घेऊन माघारी वळतो. घोळ माशाला आधी किलोत आणि मग रुपयांत मोजायचं, एवढं गणित त्याला माझ्याशिवाय येत होतं. पण नोव्हेंबर २०२३ पासून राज्यात ५४ जातींच्या माशांना किमान लांबी ठरवून दिली आहे. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, घोळ ७००. त्याहून लहान मासा पकडला तर दंड एक लाखापासून पाच लाखांपर्यंत. तेव्हा होडीवर जाळं, बर्फ, डिझेल आणि तांदूळ यांच्या जोडीला एक मास्तर किंवा निदान त्याची पट्टी हवीच.

पापलेटाची मला विशेष कीव येते. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याला 'राज्य मासा' म्हणून जाहीर केलं आणि पुरते दोन महिने उलटायच्या आत त्याच्या मागे फूटपट्टी लागली. सत्कार झाला की पाठोपाठ चौकशी, ही आपल्याकडची रीतच आहे. मासा तरी त्यातून कसा सुटणार?

आता कुणी असं समजू नये की मी नियमाच्या विरोधात आहे. नियम शंभर टक्के बरोबर आहे. एकदाही अंडी न घातलेला मासा पकडणं म्हणजे पेरणीचं भात शिजवून खाणं, आणि आपण ते वर्षानुवर्षं सोलकढीसोबत खात आलो आहोत. २०१९ साली राज्याची मासळी ४५ वर्षांतल्या नीचांकावर गेली होती, हे काय त्या माशांनी आपल्यावर रुसून केलं? माझी तक्रार एवढीच, की पट्टी ज्याच्या हातात दिली त्याला तिची सगळ्यांत कमी गरज होती. तांडेल गिलनेटवाला. त्याच्या जाळ्याचा आस, म्हणजे भोकाचं माप, हीच त्याची फूटपट्टी. लहान मासा आसातून निसटतो, मोठा अडकत नाही, मधला गळ्याशी अडकतो. बापाने शिकवलेल्या मापाचं जाळं त्याने विणलं आणि न कळत कायदा पाळत राहिला. न कळत पाळलेला कायदा अर्थातच धरला जात नाही. त्याला कागद लागतो.

मोजणीचा एक चमत्कार मी वर्गात सांगायचो. किनारा जितक्या बारीक पट्टीने मोजाल तितका तो लांब होतो. आम्ही महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर शिकलो आणि पुढच्या पिढ्यांना तोच शिकवला. नव्या मोजणीत तो ८७७.९७ झाला. समुद्र तसूभर हलला नाही. खाड्यांची वळणं नीट धरली, इतकंच. माझी खात्री आहे की परवान्याच्या अर्जालाही हाच सिद्धांत लागू आहे. होडी तीच, दर्या तोच, फक्त कार्यालय बारीक मोजू लागलं आहे.

मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस. शहरातल्या लोकांना वाटतं की या काळात मासे अंडी घालतात आणि मच्छीमार झोपा काढतात. पूर्वी या दिवसांत होडी वर ओढून शाकारायची, इंजिन खोलायचं, जाळ्यांची भोकं विणायची. आजही हे सगळं होतं, पण फावल्या वेळात. मुख्य धंदा अर्जाचा. नोंदणी, परवान्याचं नूतनीकरण, विमा, जीवरक्षक जॅकेटं, प्रत्येक खलाशाचं ओळखपत्र. तांडेलाकडचा एक खलाशी नेपाळचा. पोरगा दर्यावर वाघ आहे, पण आधार क्रमांकाच्या रकान्यापुढे त्याची शेळी होते. शिवाय अर्ज ऑनलाइन. होडीच्या नोंदीला जोडलेला मोबाइल थोरल्या मुलाचा, आणि तो डोंबिवलीला. म्हणजे परवाना मालवणच्या होडीचा, ओटीपी डोंबिवलीला. मुलगा रात्रपाळी करून झोपलेला. तो उठून आकडे सांगेपर्यंत ते आकडे मेलेले असतात. भरती-ओहोटीचं गणित पाठ असलेल्या माणसाला दहा मिनिटांत ओसरणारी ही भरती पहिल्यांदाच भेटली.

डिझेलवरच्या कराच्या परताव्याबद्दल मी काही लिहिणार नाही. 'परतावा' या शब्दाचा अर्थ तांडेलाने आपल्यापुरता लावून घेतला आहे: परत परत यावा.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये एक आनंदाची बातमी आली होती. राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. मी पेढे घेऊन गेलो, तर तांडेल चिंतेत. "मास्तर, म्हणजे आता सातबारो खंयसून आणूचो?" मी हसलो, पण रात्री मलाच झोप येईना. शेतकऱ्याला पिकाचा फोटो काढून ई-पीक पाहणी करावी लागते. उद्या कुणाच्या डोक्यात आलं आणि ऐन पाण्यात पोहणाऱ्या बांगड्यांचा फोटो, अक्षांश-रेखांशासह, ठरलेल्या तारखेच्या आत चढवायला सांगितलं तर? आणि वाटणीचं काय? सातबारा निघाला की चुलतभाऊ निघणार. कोकणात अजून बांध कुणाचा हे ठरलेलं नाही, तिथे लाट कुणाची हे कोण ठरवणार?

पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राचे नवे नियम आले. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत पाणी राज्याचं, त्यापुढे दोनशे मैलांपर्यंत केंद्राचं. केंद्राच्या पाण्यात यांत्रिक होडीने जायचं तर प्रवेश-पास काढायचा. पास फुकट आहे, हे आवर्जून सांगतो. फुकट गोष्टीला किती फेऱ्या पडतात ते वाचकांनी आपापल्या अनुभवावरून ठरवावं. तांडेलाची अडचण पैशाची नव्हतीच. "इसवण तेराव्या मैलार गावली आणि जाळ्यासकट बाराव्यार इली, तर ती खंयची?" मी म्हटलं, अशी सीमा ओलांडणारी प्रकरणं बेळगावपासून प्रलंबित आहेत, तू जेवून घे.

होडीवर ट्रान्सपाँडरही बसला आहे. ही वस्तू मात्र खरोखर कामाची. मोबाइलची रेंज संपते तिथेही वादळाचा इशारा येतो, संकटात आपला निरोप जातो. एक लाख होड्यांवर तो बसवायच्या योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते झाला. त्याच कार्यक्रमात, ज्याला तिथले मच्छीमार वर्षानुवर्षं विरोध करत आले, त्या ७६ हजार कोटींच्या वाढवण बंदराची पायाभरणीही झाली. होडी कुठे आहे हे कळायची सोय आणि ती जायची कुठे हा प्रश्न, दोन्ही एकाच मांडवात उरकले. मुंज आणि लग्न एकत्र काढलं की आचाऱ्याचा खर्च वाचतो.

वर आकाशात ड्रोन आहेत. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर नऊ ठिकाणांहून ते उडतात, आमच्या जिल्ह्यात देवगडहून. पहिल्यांदा ड्रोनची घरघर ऐकली तेव्हा तांडेलाने केस नीट केले. त्याला वाटलं, लग्नाचं शूटिंग आहे.

तारखेचा घोळ मात्र जुना आहे, आणि हा घोळ मोजायला ७०० मिलिमीटरची पट्टी पुरायची नाही. पूर्वी आपल्याकडे बंदी १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांतलं जे आधी येईल तोवर असायची. म्हणजे सरकारी हुकमात पंचांगाला एक खुर्ची होती. मग देशाच्या सगळ्या पश्चिम किनाऱ्याला एकच तारीख लागली. यंदा ज्येष्ठ अधिक आल्यामुळे नारळी पौर्णिमा थेट ऑगस्टच्या अखेरीस. सरकार म्हणतं १ ऑगस्टला जा, तांडेलाची आई म्हणते नारळ दिल्याशिवाय जायचं नाही, आणि दर्या दोघांचंही ऐकत नाही. तोडगा म्हणून तांडेलाने ३१ जुलैला घरच्या घरी एक छोटा नारळ आणि गाऱ्हाणं करायचं ठरवलं आहे. मजकूर त्याने माझ्याकडून तपासून घेतला. अर्जांच्या सवयीने त्याला आता देवाकडेही परिशिष्ट जोडावंसं वाटतं.

"बा देवा दर्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुझ्या लेकराची होडी आज तुझ्या पाण्यात येऊक निघाली हा. तिची नोंदणी झाली हा, परवानो झालो हा, विमो झालो हा. खंयच्या कागदार सई चुकली आसात, फोटो उलटो चिकटलो आसात, नावाच्या स्पेलिंगात एखादो 'ए' कमी पडलो आसात, तर ता तुझ्या पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि जा काय आमच्या वाटणीचा आसात, ता १३५ मिलिमीटरच्या वर आसांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्यात रात्रीच्या दिव्यांविषयी एक ओळ होती, ती त्याने स्वतःच खोडली. देवापुढे वाईट बोलू नये म्हणून. त्या ओळीबद्दल सांगतो आणि थांबतो.

अख्खा थवा घेरून उचलणाऱ्या पर्ससीन जाळ्यांना राज्याच्या पाण्यात २०१६ च्या आदेशाने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढीच मुदत आहे. प्रखर एलईडी दिवे पाण्यावर सोडून मासे गोळा करायला तर नोव्हेंबर २०१७ पासून देशभर बंदी. राज्याचा दंड पाच लाखांपासून वीस लाखांपर्यंत. कागद असा चोख, की त्यातून पेडवासुद्धा निसटू नये.

गेल्या पौषातली रात्र. जेवून आम्ही दोघं किनाऱ्यावर बसलो होतो. तांडेल चार दिवस रिकाम्या जाळ्याने परतत होता. समोर क्षितिजावर दिव्यांची रांग लागली होती, जशी त्रिपुरी पौर्णिमेला देवळाच्या दीपमाळेवर लागते. पाणी तिकडे हिरवं उजळलं होतं. मी गणितज्ञ या नात्याने ते दिवे बाराव्या मैलाच्या आत की बाहेर याचा अंदाज बांधू लागलो. आत असतील तर गस्तीची नौका पोहोचेपर्यंत ते बाहेर जातील, बाहेर असतील तर ते आमचे नव्हेतच, असा काहीतरी माझा सिद्धांत आकार घेत होता.

तांडेलाने काही न बोलता कमरेची फूटपट्टी काढली. हात लांब करून ती डोळ्यासमोर आडवी धरली, एक डोळा मिटला आणि सगळ्यांत मोठ्या बोटीवर अंगठा सरकवून माप घेतलं.

"मास्तर, पाच मिलिमीटर."

"मग?"

"लहान आसा," पट्टी पुन्हा कमरेला खोचत तो म्हणाला. "सोडूक व्हयी."