पाटीवरचा पाद्री

काशीत बालाजी घाटाच्या गल्लीत कुंपण कुठलं! दोन छतांच्या मध्ये कमरेएवढा कठडा. अलीकडे काकू, पलीकडे वहिनी, आणि दोघींच्याही पापडांवर माकडांचा डोळा. राखण करायची म्हणजे बोलणं आलंच.

"काकू, पुण्याहून मावसबहिणीचा फोन होता. त्यांच्या सोसायटीत एकजण आहे, परवापर्यंत विमा विकायचा. आता दारावर पाटी, 'रेव्हरंड डॉक्टर'!"

"दोन्ही एकदम?"

"एका रात्रीत! अमेरिकेतली कुठलीशी संस्था नुसतं नाव भरलं की दीक्षा देते म्हणे, फुकट. डॉक्टरकीचे तेवढे पैसे पडले."

"आहे तसली. कॅलिफोर्नियातली युनिव्हर्सल लाइफ चर्च. १९६२ पासून हेच चाललंय. आधी टपालानं, आता इंटरनेटवर. तू हसतेस कशाला? खाली घाटावर जा, पंचांग उघडून बसलेला प्रत्येक जण ज्योतिषाचार्य. खरं आचार्य व्हायला इथल्या संपूर्णानंद संस्कृत विद्यापीठात किती वर्षं जातात ते कुणी विचारतं का?"

"हसण्यावारी न्यायचं नाहीये ना. भाचीची एक मैत्रीण ख्रिस्ती आहे. तिचं लग्न हा लावणार!"

"अगोबाई! मग हे प्रकरण वेगळं. १८७२ चा ख्रिस्ती विवाह कायदा आहे, लग्न कोणी लावायचं ते त्याच्या पाचव्या कलमात लिहिलंय. बिशपच्या हातून दीक्षा घेतलेला, स्कॉटलंडच्या चर्चचा पाद्री, सरकारी परवान्याचा पाळक, नाहीतर विवाह निबंधक, अशीच काही मोजकी माणसं. अधिकार नसताना लावलं तर दहा वर्षांपर्यंत कैद. बघतेस काय अशी? ह्यांच्या वकिलीची पुस्तकं मी काय नुसती झटकत होते?"

"पण त्याच्याकडे सर्टिफिकेट आहे. शिक्क्यासकट."

"कसलं, शिकल्याचं की नेमल्याचं? तिकडे त्या दोन गोष्टी निराळ्या. बंगालातल्या सेरामपूर कॉलेजला १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजानं पदव्या द्यायची सनद दिली, कारण गाव तेव्हा डेन्मार्कचं. पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीतली मुलं आजही सेरामपूरचीच बी.डी. घेतात. ही सेमिनरी आधी यवतमाळला होती, १९८३ मध्ये पुण्याला आली. हिब्रू आणि ग्रीक शिकायचं, वर्षानुवर्षं घासायची. आणि एवढं करून हातात येते ती पदवी. पाळक व्हायला मंडळीनं स्वीकारावं लागतं, कुणीतरी अधिकाराच्या माणसानं डोक्यावर हात ठेवावा लागतो."

"म्हणजे शिकलेलाही ताटकळतो?"

"आपल्याच काशीचे नीळकंठशास्त्री गोरे घे ना."

"ते बाटलेले?"

"माझ्या सासूबाईही असंच म्हणायच्या, तेही आवाज खाली आणून. चित्पावन, जन्म बुंदेलखंडातला, वाढले इथे. जॉन म्यूर नावाच्या साहेबानं संस्कृतात 'मतपरीक्षा' लिहून हिंदू धर्मावर टीका केली. त्याला या पोरानं विशीच्या आत संस्कृतातच उत्तर दिलं, 'शास्त्रतत्त्वविनिर्णय'. आणि १८४८ मध्ये जौनपुरात जाऊन स्वतःच बाप्तिस्मा घेतला! पुढे 'षड्दर्शनदर्पण' लिहून सहाही दर्शनं खोडायला बसले. एवढा पंडित मिशनऱ्यांना दुसरा कुठून मिळणार? आणि पाद्री कधी झाले? १८६८ मध्ये डीकन, १८७० मध्ये प्रीस्ट. कलकत्त्याच्या बिशप मिलमनांच्या हातून."

"अहो, वीस वर्षं!"

"मनाला स्वस्थता म्हणून नव्हती त्यांच्या. आधी होते साध्या प्रोटेस्टंट वळणाच्या मिशनऱ्यांत. मग हळूहळू त्या पक्षाकडे वळले ज्याचं म्हणणं असं, की ख्रिस्ताच्या शिष्यांपासून आजच्या बिशपपर्यंत हात ठेवायची परंपरा कुठे तुटलेली नको. मला विचारशील तर हे वैदिकाचंच डोकं. पोथीतून वाचलेलं खरं नाही, गुरुमुखातून आलं तेच खरं. धर्म सोडला, पण लहानपणी अंगात मुरलेलं हे काही सुटलं नाही. लेकही तशीच, एलन लक्ष्मी. इथेच जन्मली, वाढली इंग्लंडात, आणि परत येऊन १८९७ मध्ये रीतसर डीकनेस झाली."

"मग ज्यांच्यात बिशपच नाहीत, त्यांचे पाळक काय खोटे?"

"तसं तोंडावर म्हणायची सोय नाही, तिथेच तर सगळी अडायची. १९७० च्या नोव्हेंबरात नागपूरला सहा चर्च मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. काहींच्यात बिशप, काहींच्यात नाहीत. मग कोणाची दीक्षा पुरी, कोणाची अर्धी? शेवटी सगळ्यांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवले. आधी कोणाचं काय उणं होतं, हा विषयच काढला नाही."

"आमच्या वाड्याच्या वाटणीत हे कुणाला सुचलं असतं तर!"

"तुझ्या दिरांना? राहू दे."

"बरं, बहिणीला काय सांगू?"

"सांग, मुलीच्या बापानं दोनच गोष्टी विचाराव्या. परवाना कुठाय, आणि कुठल्या मंडळीनं नेमलंय. उत्तर देताना चाचरला तर सरळ निबंधकाकडे जायचं. प्रार्थना मग हवी तेवढी करू देत त्याला."

"आणि ते 'डॉक्टर'?"

"ते असू दे पाटीवर. विमा विकायला उपयोगी पडेल."