माळ : कलाकाराची स्वतःची

संगीत, फॅशन आणि संस्कृती एकाच पुठ्ठ्यात बांधणारं, कुणाचंही मिंधं नसलेलं आणि मासिक असूनही वर्षातून दोनदाच निघणारं असं काही हातात पडलं, तर मजकूर वाचत बसू नये. तो कुणी वाचावा अशी संपादकांचीही अपेक्षा नसते. नाहीतर बदामी कागदावर फिकट करड्या शाईत सहा पॉइंटांचा टाइप त्यांनी कशाला वापरला असता? वाचायची ती छायाचित्राखालची ओळ. लोककला विशेषांक असला की पान ठरलेलंच. बंद गिरणीच्या पोपडे उडालेल्या भिंतीला टेकून एक गोंधळी उभा, कमरेला संबळ, अंगात दोन माणसं मावतील असा लिननचा कोट. खाली ओळ : कोट अमक्याचा, विजार तमक्याची, बूट ढमक्याचे, मोजे आणखी कुणाचे. आणि सगळ्यात शेवटी, माळ : कलाकाराची स्वतःची.

आधी मोज्यांचं बघू. विजार घोट्याच्या खाली लोळते आहे, त्यामुळे मोजे दिसत नाहीत. तरी त्यांचं घराणं छापलं आहे. संबळ मात्र ढळढळीत दिसतो, एक लहान आणि एक मोठं अशी दोन भांडी एकत्र जखडलेली, वाजवायला दोन काठ्या, त्यातली एक टोकाला वाकलेली. तो कुणी घडवला, कुणी मढवला, कुणाकडून हाताखाली आला, याबद्दल अवाक्षर नाही. शेजारी उभं राहून तुणतुण्यावर सूर धरणारा तर चौकटीतच नाही, बहुधा त्याच्या मापाचा कोट मिळाला नसावा. राहिली माळ. कवड्यांची ती माळ गोंधळ्याच्या गळ्यात दीक्षेबरोबर येते. ती बाजारातून येत नाही आणि उसनी तर मुळीच येत नाही. ती त्याची स्वतःची आहे, हे मासिकाला जाहीर करावं लागतं, कारण त्या पानावर जिच्यासाठी कुठल्याच दुकानाचे उपकार मानायचे नाहीत अशी ती एकच वस्तू आहे. माणूस धरून.

या ओळीचा जन्म कसा होतो तेही पाहिलं पाहिजे. कपडे विकत आणलेले नसतात. स्टायलिस्ट ब्रँडकडून नमुन्याचे कपडे मागवते. ते बहुतेक मॉडेलच्या मापाचे, म्हणून पाठीमागे चिमटे लावून किंवा टाचण्या मारून अंगावर बसवतात. तळवे खरवडू नयेत म्हणून बुटांना खालून चिकटपट्टी लावतात. फोटो झाला की सगळं झटकून, लेबलासकट परत. या उसनवारीचं भाडं म्हणजे ती ओळ. तेव्हा ‘आम्ही जाहिराती घेत नाही’ असं पहिल्या पानावर ठणकावणाऱ्या मासिकाने जाहिरातदाराला हाकललेलं नाही. त्याला घरात घेतलं, गोंधळ्याच्या अंगावर चढवलं आणि पैसे मागायची संधीही घालवली. साध्या साप्ताहिकातला बियाण्यांचा जाहिरातदार निदान चौकटीत बसतो आणि बिल भरतो.

यावर उत्तर तयार असतं : मग अंक काढायचा कसा? कागद महाग, खप किरकोळ. मान्य. पण वर्तमानपत्र पन्नास जीएसएमच्या आतल्या कागदावर भागवतं, तिथे दीडशे जीएसएमचा कागद लावा असा आग्रह वाचकांनी मोर्चा काढून धरल्याचं ऐकिवात नाही. साठच्या दशकात मराठीत लघुनियतकालिकं निघाली, त्यातली कित्येक सायक्लोस्टाइलवर. शाई हाताला लागायची, पण मजकूर वाचता यायचा. दुसरं उत्तर असं, की नाव छापलं म्हणजे लपवाछपवी कुठे आली? छापलं ते नाव. व्यवहार कुठे छापला? भ्रामक जाहिरातींबाबतच्या 2022 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी, शिफारस करणाऱ्याने उत्पादकाशी असलेलं आपलं लागेबांध्याचं नातं उघड करावं असं सांगितलं आहे. लिपस्टिक फुकट मिळाली की रील करणारी पोरसुद्धा हल्ली तसं लिहिते. संस्कृतीवाल्यांना मात्र ती ओळ म्हणजे सौजन्य वाटते. तिसरा आक्षेप जरा वजनदार आहे : वेश आणि संगीत वेगळे काढता येतात का? अजिबात नाही. लावणी नऊवारीशिवाय आणि घुंगरांशिवाय उभी राहत नाही, शाहिराचा फेटाही निम्मं काम करतो. मग त्यावर लिहा की! नऊवारीचा काष्टा कसा घातला की अदाकारीला पाय मोकळा राहतो, पायातल्या घुंगरांचं ओझं तासभर पेलून नाचणारीचे घोटे कसे होतात, गोंधळ्याचा घोळदार झगा पेठेत कोण शिवतं. ही खरी फॅशन पत्रकारिता झाली असती. तो झगा उतरवून कोट घालायचा आणि त्याला संस्कृती म्हणायचं, यात वेश आणि संगीत एकत्र कुठे आले?

आणि नावाचा एवढा सोस असेल तर तो मोज्यांपाशी का थांबतो? 1902 साली हिंदुस्थानात तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रण सुरू झालं, तेव्हा गाणं संपताच गायिका स्वतःचं नाव मोठ्याने सांगत. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तिथल्या कामगाराला कोणतं लेबल कुठे चिकटवायचं हे कळायला हवं होतं. ज्याला त्यातला एक शब्द कळत नव्हता त्या कामगारापर्यंत नाव पोचत होतं. आपल्याकडे 2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्याला आपल्या सादरीकरणाशी स्वतःचं नाव जोडलं जाण्याचा नैतिक हक्क मिळाला. बुटांना असा हक्क दिल्याचं कायद्यात सापडत नाही. तरी त्याच पानावरचा क्यूआर कोड उघडा : दीड मिनिटं संबळ घुमतो, तुणतुणं वाजतं, झांज वाजते, आणि खाली लिहिलेलं असतं ‘लोकसंगीत, पारंपरिक’. पारंपरिक! म्हणजे वाजवणारे तिघे कालपरवा जिवंत माणसं म्हणून एसटीने आले होते, दिवसभर उन्हात उभे राहिले, कोट काढून देऊन परत गेले, याची नोंद कुठे नाही. दिवसाचे किती मिळाले, हेही नाही. शेवटच्या पानावर कागदाची जात, टाइपाचं नाव आणि संपादकांच्या मांजराचे आभार आहेत. पुढचा अंक श्रमप्रतिष्ठेवर आहे म्हणे. त्यासाठी हमालांच्या मापाचे कोट मागवायला घेतले आहेत.