छपरावरचा घोडा

माझा भाचा भिंतींना धडका देतो आणि त्याचा त्याला पगार मिळतो. हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत काय काय उद्योग चालतात याची कल्पना गावच्या म्हातोबालाही नसेल, पण त्या सगळ्यांत हा सर्वांत निरागस म्हणायला हवा. तो गेम टेस्टर आहे. खेळ बाजारात येण्याआधी त्यातल्या राजवाड्याच्या प्रत्येक भिंतीवर जाऊन आपटायचं, कुठून आरपार जाता येतं का पाहायचं, दार उघडत असतानाच गेम सेव्ह करायचा, भाषा बदलून जर्मनमधले लांबलचक शब्द चौकटीबाहेर सांडतात का ते बघायचं, आणि सापडलेला प्रत्येक बग पायरीपायरीने लिहून काढायचा: आधी हे करा, मग ते करा, की नायक कमरेपर्यंत जमिनीत जातो. माझ्या बहिणीची समजूत अशी की पोरगा दिवसभर खेळतो. एकच जिना सकाळपासून संध्याकाळपर्यंत चढणाऱ्याला खेळाडू म्हणायचं असेल तर पर्वतीवर रोज पहाटे जाणारे समस्त पेन्शनरही खेळाडूच.

परवाच्या शनिवारी त्याने माझी जुनी इंद्रजाल कॉमिक्स बाहेर काढली. टाइम्स ऑफ इंडियाने 1964 मध्ये सुरू केलेली ही मालिका 1990 मध्ये बंद पडली, म्हणजे हा जन्मायच्या आधीच. मराठीतही ती निघायची, आणि इंग्रजीच्या मापाने काढलेल्या फुग्यांत मराठी अक्षरं संध्याकाळच्या पीएमपीतल्या माणसांसारखी अंग चोरून उभी असायची. भाच्याने गोष्ट वाचलीच नाही. तो चित्रांत भिंती शोधत होता. "मामा, ह्या वेताळाच्या डोळ्यांत बाहुल्याच नाहीत. टेक्स्चर लोड झालेलं नाही." मी त्याला सांगितलं की वेताळाचा जनक ली फॉक याने जुने ग्रीक पुतळे पाहिले होते, त्यांच्या डोळ्यांत बाहुल्या नसतात, म्हणून यालाही मुद्दामच दिल्या नाहीत. "म्हणजे अ‍ॅज डिझाइन्ड," तो जरा हिरमुसून म्हणाला. शिकार हुकली होती. मग मी दुसरी पुढे केली. फॉकच्या मनात वेताळ राखाडी होता. 1936 पासून तो वर्तमानपत्रात काळापांढराच छापून येत होता, त्यामुळे बोभाटा झाला नाही. पण 1939 मध्ये रविवारची रंगीत पानं सुरू झाली आणि वेताळ जांभळा होऊन आला. स्वीडनमध्ये तर तो निळा आहे, इटलीत लाल.

"आणि हा बग कुणी दुरुस्त केला नाही?"

"नाही रे. घनदाट जंगलात जांभळ्या कपड्यांत लपून बसणाऱ्या माणसाला कुणी हटकलंच नाही."

तो बराच वेळ ते पान पाहत राहिला. मग त्याने त्याच्या घराण्यातली एक गोष्ट मला सांगितली. 1978 च्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये वरून उतरणारे परग्रहवासी मरत जातात तसे उरलेले अधिकाधिक वेगाने धावू लागतात. ते काही शूर होत नाहीत. चित्रं कमी झाली की यंत्रावरचा भार हलका होतो, एवढंच. तो खेळ करणाऱ्या तोमोहिरो निशिकादोने हे पाहिलं आणि तसंच राहू दिलं. साऱ्या जगाच्या तळहातांना घाम फोडणारा तो थरार म्हणजे दमलेल्या यंत्राने टाकलेला सुस्कारा होता.

दुपारी आम्ही अप्पा बळवंत चौकात गेलो. जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक वेगळा उजेड असतो, पिवळा आणि जरासा आंबूस. गाइडं, व्यवसायमाला आणि कुणाच्या तरी संपूर्ण तुकारामगाथेखाली आम्हाला एक वेताळ सापडला. शेवटचं पान गायब. पण मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला कुण्या मुलाने निळ्या बॉलपेनने, शाईचे गोळे उमटवत, गोष्ट पुरी करून ठेवली होती: मग वेताळने सगळ्यांना पकडले व तो गुहेत जाऊन जेवला. दुकानदार सज्जन. "त्याला पान नाही हो, हा धड आहे, हा घ्या," म्हणाला. भाच्याने धड अंक परत ठेवला. "काका, मला हाच द्या." वेताळ जेवतो ही माहिती, माझ्या वाचनापुरतं बोलायचं तर, आजवर फक्त त्या मुलाकडे होती.

परतताना वाकडच्या पुलाशी बस नेहमीप्रमाणे थांबली आणि भाचा एकदम बोलू लागला. एका खेळात, नाव विचारायचं नाही, करार आहे, एक घोडा देवळाच्या छपरावर उभा असायचा. तबेला खाली होता. कुणाच्या तरी गणितात उंची चुकली होती. बाकी काही बिघडत नव्हतं. घोडा शेपूट हलवायचा आणि आभाळाकडे बघायचा. याने इमानाने रिपोर्ट लिहिला, पुढच्या बिल्डमध्ये घोडा खाली आला. "आणि दुरुस्ती झाली की आपणच जाऊन बघायचं असतं मामा, आणि आपणच बग बंद करायचा." काय बोलावं मला सुचेना. मी त्याला शेंगदाण्याची पुडी दिली.

हिंजवडीत जुन्या पुस्तकांचं धड दुकान अजून माझ्या पाहण्यात नाही, आणि ते साहजिक आहे. तसं दुकान उभं राहायला आधी माणसांनी एका घरात म्हातारं व्हावं लागतं. गाव जुनं आहे, चैत्री पौर्णिमेला म्हातोबाचं बगाड निघतं तेव्हा ते दिसतं; पण वर वाढलेलं शहर अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर राहतं. इथल्या रद्दीत निघतात ती जावाची आणि सर्टिफिकेशनची जाडजूड पुस्तकं, आतून कोरी करकरीत. म्हणून एक विनंती. फेज वन ते थ्री, कुठलंही घर सोडताना माळ्यावरच्या गठ्ठ्यात लहानपणीचा एखादा वेताळ किंवा चांदोबा निघाला, तर तो किलोच्या काट्यावर चढवू नका. वॉचमनकडे ठेवून जा, आम्ही येऊन नेऊ. पानं कमी असली तरी चालतील. कुणी पेनने काही लिहिलेलं असेल तर ते मात्र खोडू नका.