छाटा जी!

प्रत्येक मोहल्ल्यात एक काका असतातच. गोंदियातल्या आमच्या मोहल्ल्यातले काका रेल्वेतून निवृत्त झालेत. पेन असावं त्या खिशात ते सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, बाळगतात. फाटकाबाहेर उभे राहून आमच्या गुलाबाकडे असे बघतात, की झाडाआधी आमचीच पानगळ व्हावी. मग निकाल लागतो : "छाटा जी!"

लग्नातल्या पाहुण्यांची यादी? छाटा जी. नातवाचे केस? छाटा जी. गणपतीच्या मांडवात एका पुढाऱ्याचं भाषण लांबलं, तेव्हा मागच्या रांगेतून हाच आवाज आला. जिल्ह्याचा इतिहासही त्यांनी याच कात्रीत बसवलाय : "१ मे १९९९ ला भंडाऱ्याची छाटणी झाली, म्हणून तर गोंदियाला फुटवा आला!" हे ते भंडाऱ्याच्या व्याह्यांसमोरही सांगतात. स्वतःचं बोलणं छाटणं काही त्यांना जमत नाही.

आमच्या फाटकाजवळचा ग्लॅडिएटर गुलाब आईच्या वेळचा. वर्षानुवर्षं कुणी लक्ष दिलं नाही, त्यात मे महिन्याचं ऊन. नुसत्या काटक्या उरल्या होत्या. खणून काढायला मजूर बोलावला, तर काका आडवे आले. नखानं साल खरवडली. आत हिरवी रेघ! "जिता आहे जी!" पावसाळाभर त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही.

ऑक्टोबरात मात्र सुटले. काळ्या पडलेल्या फांद्या निरोगी गाभा लागेपर्यंत मागे घेतल्या. बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या जरासा वर, तिरपा काप. कापांवर बोर्डो पेस्ट, बुडाशी शेणखत, त्यावर राईस मिलमधलं धानाचं तूस. गुडघ्याएवढी खोडं शिल्लक राहिली आणि बायकोनं माझ्याशी अबोला धरला.

मग तांबूस कोंब आले. त्यातला एक तर हातभर वाढला. तो दाखवायला बायकोनं शेजारणींना बोलावलं. काकांनी माती उकरून बघितलं : कोंब कलमाच्या गाठीखालून निघालेला, जंगली खुंटाचा. मी हौसेनं म्हणालो, "छाटा जी!"

"हा छाटायचा नसते!" ते डाफरले. "छाटला तर चार येतील." आणि तो बुडापासून ओढून काढला.

डिसेंबरात पहिलं फूल आलं, ते द्यायला त्यांच्या घरी गेलो. अंगणात साधी कुंडी नाही. मुलानं गाडीसाठी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गट्टू बसवलेत. "इथं गुलाबांची रांग होती," काका म्हणाले. "पण पोरानं गाडी कुठं ठेवावी?" सिकेटरला तेल लावत बसले होते. छाटणीचं नाव त्या दिवशी त्यांनी काढलं नाही.

तर तुमच्या मोहल्ल्यातले काका फाटकाशी थांबले, तर कडी काढा. चहा बिनसाखरेचा द्या. साखर डॉक्टरांनी छाटली आहे.