विसावदर पाचव्यांदा नाही म्हणालं

गुजरातमध्ये १९९५ पासून भाजप एकही विधानसभा निवडणूक हरलेला नाही. त्यामुळे तिथे निकालाच्या दिवशी लोक विचारतात ते एवढंच, की यंदा किती? ८ डिसेंबर २०२२ ला उत्तर आलं, १८२ पैकी १५६. माधवसिंह सोळंकींच्या काँग्रेसने १९८५ मध्ये १४९ जागा घेतल्या होत्या, तो विक्रम मोडला. काँग्रेसकडे १७ उरल्या, आम आदमी पक्षाकडे ५.

हा विजय कमावलेला आहे. मतदार यादीच्या एकेका पानाला माणूस नेमायचा, पानावरच्या तीसेक मतदारांची नावंगावं त्याला तोंडपाठ हवीत, आणि हे काम निवडणूक नसलेल्या वर्षातही चालू ठेवायचं. मूळचे जळगावचे सी. आर. पाटील प्रदेशाध्यक्ष असताना त्यांनी या पानांच्या समित्या गावोगाव उभ्या केल्या. समोरची काँग्रेस तेव्हा घरात बसली होती. ज्याने घाम गाळला त्याला पीक मिळालं, याबद्दल माझी तक्रार नाही.

पण आकडे जरा पुढे वाचा. २०१७ मध्ये काँग्रेसला ४१ टक्के मतं आणि ७७ जागा मिळाल्या होत्या. २०२२ मध्ये काँग्रेस आणि आप यांची मिळून मतं ४० टक्के, आणि दोघांच्या मिळून जागा २२. विरोधातलं मत जवळपास तेवढंच राहिलं, ते दोन घरांत विभागलं गेलं आणि विधानसभेतून गायब झालं. गुजरातमध्ये विरोधक उरलेच नाहीत, असं आपल्याकडे चहाच्या टपरीपासून संपादकीयापर्यंत सगळे म्हणतात. ते खोटं आहे. दहातले चार मतदार आजही विरोधात मत देतात. सभागृहात त्यांच्या वतीने उठून बोलायला माणसं फार थोडी, एवढंच.

आणि जो माणूस ते निवडून देतात, तो टिकत नाही.

जुनागढ जिल्ह्यातलं विसावदर घ्या. गीरच्या जंगलाला लागून असलेला, भुईमूग-कापूस पिकवणाऱ्या पटेल शेतकऱ्यांचा हा मतदारसंघ. भाजपने इथे शेवटची निवडणूक जिंकली ती २००७ मध्ये. २०१२ ला केशुभाई पटेल भाजप सोडून आपला वेगळा पक्ष घेऊन उभे राहिले, विसावदरने त्यांना निवडलं. दोन वर्षांत केशुभाईंचा पक्ष भाजपमध्ये विलीन झाला आणि त्यांनी आमदारकी सोडली. पोटनिवडणुकीत भाजपने केशुभाईंच्याच मुलाला उभं केलं. विसावदरने त्याला पाडून काँग्रेसचे हर्षद रिबडिया निवडले. २०१७ ला पुन्हा रिबडियाच. २०२२ ची निवडणूक तोंडावर आली आणि रिबडिया भाजपमध्ये गेले. विसावदरने त्यांना सात हजारांनी घरी बसवलं आणि आपचे भूपत भायाणी निवडले. वर्ष झालं आणि डिसेंबर २०२३ मध्ये भायाणींनी राजीनामा दिला, फेब्रुवारीत तेही भाजपमध्ये.

त्यानंतर जागा दीड वर्ष रिकामी. २०२२ च्या निकालाविरुद्धची याचिका उच्च न्यायालयात होती, म्हणून मे २०२४ च्या पोटनिवडणुकांमध्ये विसावदरचा नंबर लागला नाही. दीड वर्ष या मतदारसंघाला आमदारच नव्हता. विम्याचे पैसे अडले, रस्ता खचला, तर जायचं कुणाकडे? अखेर १९ जून २०२५ ला मतदान झालं. गांधीनगरचं सरकार कुणाचं आहे आणि ते बदलणार नाही, हे मतदारांना पुरतं ठाऊक होतं. तरी त्यांनी आपच्या गोपाल इटालियांना साडेसतरा हजारांनी निवडून आणलं. काँग्रेसच्या वाट्याला साडेपाच हजारांच्या आसपास मतं आली. विरोधी मत या खेपेला विभागलं गेलं नाही. मतदारांनीच ते एका जागी गोळा केलं.

पाच वेळा नाही म्हणालेल्या या मतदारसंघासमोर मी हात जोडतो. त्यांचे तीन आमदार पलीकडच्या गोटात गेले आणि तरी त्यांनी आपलं मत सोडलं नाही.

सगळीकडे असं होत नाही. पोरबंदरला अर्जुन मोढवाडिया काँग्रेसचे माजी प्रदेशाध्यक्ष, सभागृहातले माजी विरोधी पक्षनेते. २०२२ ला ते भाजपला हरवून आले. मार्च २०२४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, मे महिन्यात भाजपच्या चिन्हावर एक लाखाहून जास्त मतांनी निवडून आले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मंत्री झाले. त्या मे महिन्यात पाच पोटनिवडणुका झाल्या. पाचही ठिकाणी राजीनामा देऊन आलेलेच उमेदवार भाजपने उभे केले आणि पाचही जिंकले. चार काँग्रेसचे होते, एक अपक्ष. लोकांनी त्यांना पुन्हा निवडलं, मग बिघडलं काय, असं विचारणारे भेटतात. बिघडलं हे, की विरोधात राहून मतदारसंघाचं काम होत नाही, हे लोकांना इतकी वर्षं दाखवून दिलं आहे. मग मतदार आमदाराच्या मागून सत्तेच्या दारात जातो. त्याला मी दोष देणार नाही.

दोष कायद्यातल्या भगदाडाला आहे. १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा पक्ष बदलणाऱ्याला अपात्र ठरवतो, राजीनामा देणाऱ्याला हात लावत नाही. आज राजीनामा द्या, उद्या दुसरा गमछा गळ्यात घाला, परवा त्याच जागेवर अर्ज भरा. २०१९ मध्ये कर्नाटकच्या विधानसभाध्यक्षांनी सतरा आमदारांना त्या विधानसभेची मुदत संपेपर्यंत अपात्र ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने अपात्रता कायम ठेवली आणि मुदतीची अट काढून टाकली, कारण कायद्यात तशी तरतूदच नाही. तेव्हा तरतूद करा. जो आमदार मध्येच राजीनामा देऊन दुसऱ्या पक्षात जाईल, त्याला त्या विधानसभेची मुदत संपेपर्यंत निवडणूक लढवता येणार नाही आणि मंत्रीही होता येणार नाही. आजारपणाने राजीनामा देणाऱ्याचं यात काहीच अडत नाही.

दुसरी गोष्ट विरोधी पक्षनेत्याची. २०२२ ला काँग्रेसचे १७ आले म्हणजे सव्वानऊ टक्के, या पदासाठीची दहा टक्के जागांची अट पुरी झाली नाही, म्हणून गुजरात विधानसभेत २०२२ पासून हे पद नाही. या दहा टक्क्यांचं मूळ लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळणकर यांच्या निर्देशांत सांगतात.  सभागृहात पक्षाला पक्ष म्हणून कधी मान्यता द्यायची, बसायला जागा आणि बोलायला वेळ कसा वाटायचा, यासाठी तो नियम होता. विरोधकांची खुर्चीच काढून घेण्यासाठी तो नव्हता. २०१५ मध्ये दिल्लीत आपने ७० पैकी ६७ जागा जिंकल्या, भाजपला तीनच मिळाल्या. तरी तिथे भाजपच्या विजेंदर गुप्तांना विरोधी पक्षनेता म्हणून मान्यता मिळाली. तीन आमदारांवर दिल्लीला जमलं ते सतरा आमदारांवर गुजरातला का जमलं नाही? आपल्या महाराष्ट्राच्या २०२४ च्या निकालातही २८८ मध्ये २९ चा आकडा एकाही विरोधी पक्षाला गाठता आला नाही. तेव्हा हा प्रश्न गुजरातचा म्हणून मुंबईतही कुणी बाजूला सारू नये.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल, आणि तो बदलायला बहुमतवाल्यांनाच हात वर करावे लागतील. पण तिकिटं कुणाला द्यायची हे तर विरोधकांच्या हातात आहे. भायाणी आपमध्ये येण्याआधी भाजपमध्येच होते, हे विसावदरच्या पोरासोरांना माहीत होतं. पक्षाला माहीत नव्हतं? २०२७ मध्ये गुजरातची पुढची निवडणूक आहे. काँग्रेस आणि आपने आत्तापासून तालुक्यातालुक्यात पडत्या काळात टिकलेले कार्यकर्ते हेरावेत आणि तिकीट त्यांनाच द्यावं, पैसा कमी असला तरी.