जुना वाइस पाळू इच्छिणाऱ्यांसाठी

बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात जुना बेंच वाइस शोधायला निघालेल्या नवशिक्याने सर्वांत आधी चेहऱ्याची तयारी करावी. भंगारवाल्या चाचांकडे शिरताना नळाचा एखादा तुकडा हवा असल्यासारखं दिसावं. ढिगाखालून वाइसचा जबडा डोकावला तरी डोळे चमकू देऊ नयेत. भंगारात लोखंडाला एक भाव असतो, बिडाला दुसरा, आणि चमकलेल्या डोळ्यांना तिसरा. तिसऱ्यासाठी चाचा काट्याकडे बघतसुद्धा नाहीत.

दुसरी पायरी घरी सांगण्याची. अनुभवी मंडळी ती सगळ्यांत शेवटी ठेवतात, म्हणून इथेही पुढे ढकलली आहे.

इथेच का शोधायचा, तर हे पॉवरलूमचं गाव. लूम म्हटला की रोज काहीतरी झिजणार, वाकणार, तुटणार; ते कानशीने घासून पुन्हा बसवणारा मास्टर आला, आणि मास्टर आला की वाइस आला. शिवाय लालबागेत ताप्ती मिल, जी १९७४च्या कायद्याने सरकारची झाली. पलीकडे नेपानगरचा कागद कारखाना, जो १९५६ साली नेहरूंच्या हस्ते देशाला अर्पण झाला. आणि खाली भुसावळला रेल्वे. म्हणजे फिटर लोकांच्या तीन-चार पिढ्या या पट्ट्यात कानशी चालवत आल्या. त्यांची हत्यारं कुठेतरी आहेतच.

सर्वांत उत्तम वाइस मात्र भंगारात नसतो. तो एखाद्या लूमच्या शेडमध्ये, दाराजवळच्या उजेडात, तेलाने काळ्या झालेल्या फळीवर बसलेला असतो आणि रोज कामात असतो. त्याची किंमत विचारू नये. विचारलीच तर मास्टर तुम्हाला बसवून चहा पाजतील, पोराला हाक मारतील आणि आतून दुसरा, जबडा फुटलेला वाइस आणून दाखवतील. ‘ये ले जाओ भैया, अच्छा है.’ नवशिक्यांचे बहुतेक संग्रह याच वाक्याने सुरू होतात.

आता ओळख. वाइस हातात घेतल्यावर (दोन हातांत घ्यावा, सहा इंची असेल तर कुणाला तरी बोलवावं) अक्षरं शोधावीत. ग्रीस आणि रंगाच्या थराखाली ‘रेकॉर्ड’ निघालं, तर तो शेफील्डच्या सी. अँड जे. हॅम्प्टन यांच्याकडचा. ‘पार्किन्सन’ असेल, तर यॉर्कशायरमधल्या शिप्लीचा. खटका दाबून जबडा एका झटक्यात मागे ओढायची सोय या घराण्यात सापडते. गोळीसारखं गोल अंग असलेला ‘विल्टन’ शिकागोचा, १९४१नंतरचा. तो सिंधीपुऱ्यात मिळाला तर हे मार्गदर्शन बाजूला ठेवून आधी पैसे द्या. जुन्या विल्टनवर खालच्या बाजूला महिना-साल ठोकलेलं असतं. नवशिके ती जन्मतारीख समजतात. पहिल्या काळातल्या नगांवर ती गॅरंटी संपण्याची तारीख असते, म्हणजे जन्म पाच वर्षं आधीचा. आणि वाइस अजून चालतो आहे, गॅरंटी संपल्याचं त्याला कुणी सांगितलेलं नाही.

देशी वाइसला नाकं मुरडू नयेत. जालंधर-लुधियानाकडच्या हत्यारांनी या देशातले निम्मे वर्कशॉप चालवले असतील. बेंच वाइससाठी भारतीय मानकही आहे, आयएस २५८६. अंगावर नाव असो-नसो, काम चांगलं असेल तर तो चांगला.

दोन खुणांपाशी थांबावं. तीन रेघांचा बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालाची खूण. संग्राहक तिच्यासाठी जीव टाकतात. ‘जीआयपीआर’ ही अक्षरं म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, जी नोव्हेंबर १९५१मध्ये मध्य रेल्वेत विलीन झाली. अशा वेळी छाती भरून यावी, पण त्याचबरोबर लिलावाची पावती मागावी. रेल्वेचा माल बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६चा स्वतंत्र कायदा आहे, आणि पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुरुंगाच्या वर्कशॉपमध्येही वाइस असतो म्हणतात, पण तो घरी नेता येत नाही.

घेण्याआधी तपासण्या. हँडल फिरवून बघा. मागे-पुढे थोडी ढिलाई चालते, पण अर्धा फेरा फुकट जात असेल तर नटातले आटे संपले. हँडल वाकलेलं असेल, तर कुणीतरी त्यात पाइप घालून ताकद लावली आहे. आता बिडात तडा शोधा. जबडे मिटून उजेडाकडे धरा, मधून फट दिसते का बघा. रंगाखाली एखादी पिवळी, सोनेरी रेघ दिसली तर भाविक होऊ नका, ते पितळेचं ब्रेझिंग आहे, म्हणजे तडा जोडलेला. बीड की पोलाद अशी शंका असल्यास कोपऱ्याला हलकेच ग्राइंडर लावतात: बिडाच्या ठिणग्या आखूड, लालसर, पोलादाच्या लांब, पिवळ्या. मात्र हे चाचांच्या समोर करू नये. लोहारमंडीकडे कधी लांब पाय असलेला, जमिनीपर्यंत टेकणारा घडीव वाइस दिसेल. तो घणाचा मार सोसणारा आहे, बेंचवरच्या बिडाच्या वाइसवर तसा घण घालू नये. तुम्ही घेतलेल्या वाइसवर आधीच्या धन्याने घातलेलाच असेल.

आता तो घरी आला. (दुसरी पायरी इथे आपोआप पार पडते.)

पहिलं काम सगळे भाग सुटे करायचं, आणि ते होणार नाही. गंजलेला स्क्रू रात्रभर रॉकेल किंवा डिझेलमध्ये राहू द्यावा, सकाळी हलक्या हाताने पुढे-मागे करावा, पुन्हा भिजत घालावा. ताकद लावावीशी वाटली की चहा घ्यावा. इथली चूक नेहमी दुपारी चारच्या सुमारास होते, कारण तेव्हा माणूस कंटाळलेला असतो आणि हातोडी जवळ असते.

गंज काढायला तीन रस्ते. पहिला तारेच्या ब्रशचा. तो प्रामाणिक आणि धुळकट. दुसरा उसाच्या मळीचा: एक भाग मळी, दहा भाग पाणी, त्यात एक-दोन आठवडे बुडवून ठेवणे. गंज सुंदर निघतो. मुंग्या, माश्या आणि शेजारच्या वहिनी यांचा बंदोबस्त तुमचा तुम्ही करायचा. तिसरा रस्ता विजेचा: प्लॅस्टिकची बादली, पाण्यात धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जर. ऋण टोक वाइसला, धन टोक टाकाऊ लोखंडाच्या पत्र्याला. उलट लावलंत तर पत्रा जपला जाईल आणि वाइस विरघळू लागेल. पत्र्याऐवजी स्टीलचं ताटही लावू नये; स्टेनलेसमधून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं, शिवाय ताट घरचं असतं. हायड्रोजनचे बुडबुडे निघतात, म्हणून हे अंगणात करावं. आंघोळीची बादली घेतल्यास त्याची वेगळी नियमावली घरात तयार होईल.

नवशिक्याचा मोठा अपराध मात्र इथून पुढचा आहे. लोखंड चमकू लागलं की त्याला थांबता येत नाही. ग्राइंडर फिरवता फिरवता अक्षरं जातात, ऐरणीवरचे घाव जातात, जबड्यांच्या दातांची धार जाते, आणि शेवटी एक गुळगुळीत ठोकळा उरतो, ज्याला ओळख नाही आणि पकडही नाही. झिजलेले दात नवे करायचे तर जबड्याच्या पट्ट्या बदलतात, जबडा घासत नाहीत. झिजलेल्या स्क्रूची नक्कल करणारा लेथवाला या गावात शोधायला लागत नाही. नमुना म्हणून जुना स्क्रू त्याला द्या, आणि चौरस आट्याऐवजी साधा आटा पाडून देतो म्हणाला तर नाही म्हणा. रंग बाहेरच्या अंगालाच द्यावा. स्क्रू, सरकता दांडा आणि जबड्यांचे दात यांना ग्रीस-तेल पुरतं, सोनेरी ऑइलपेंट नको.

बसवताना उंची मोजायची पद्धत आयटीआयमध्ये शिकवतात तीच: सरळ उभं राहून मूठ हनुवटीखाली धरायची, कोपर जबड्याच्या माथ्याला टेकलं पाहिजे. मागचा जबडा टेबलाच्या कडेबाहेर थोडा यायला हवा, नाहीतर लांब सळई उभी धरता येत नाही. बोल्ट आरपार, खाली जाड पट्टी. जेवणाच्या टेबलाला भोकं पाडायचा मोह होईल. ते टेबल हलकं असतं, कानस चालवताना वाइससकट खोलीभर फिरतं.

मग पहिलं काम येईल. ते बहुधा कुकरच्या दांडीच्या अडकलेल्या स्क्रूचं असेल. जबड्यांना तांब्याच्या पत्र्याचं अस्तर लावून घ्या, दांडी बेताने आवळा.