टेरारियानरबुवा

डिसेंबरातला शनिवार. पश्चिम जर्मनीतल्या हाम शहरात बाहेर पाणी गोठतंय आणि झेंट्रालहालेन नावाच्या सभागृहात माणसं घामाघूम झाली आहेत. वर्षातून चारदा, म्हणजे मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरात, इथे 'टेरारिस्टिका' भरते. सरपटणाऱ्या प्राण्यांचा जगातला सगळ्यात मोठा बाजार म्हणून ती ओळखली जाते. टेबलांवर प्लास्टिकचे डबे, डब्यांत सरडे. बाहेर पडणाऱ्या गिऱ्हाइकाच्या काखेत थर्मोकोलचा खोका; कोळणीकडून पापलेट घेऊन निघाल्यासारखा. फक्त या खोक्यात बर्फ नसतो, ऊब असते.

याच गर्दीत एका टेबलामागे बुवा बसलेले असतात. काचेच्या पेटीत असे जीव सांभाळणाऱ्या माणसाला जर्मनीत 'टेरारियानर' म्हणतात. साठीला टेकलेला, खिसेच खिसे असलेलं जाकीट, गळ्यात दोरीला चष्मा, एका खिशात मेजरिंग टेप. समोर विकायचा माल असतो, पण विकायची इच्छा चेहऱ्यावर शोधूनही सापडत नाही. पुण्याच्या पेठेत वाढलेल्या माणसाला इथे एकदम घरी आल्यासारखं वाटेल.

एखादा पोरगा येतो. "मोठा सरडा हवाय. मोठा, पण शांत."

बुवा सरड्याबद्दल अक्षर बोलत नाहीत. खोलीची लांबी किती? विजेचं बिल कोण भरतं? घरात पाच वर्षांखालचं मूल आहे का? (सरड्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला पसरतो, लहान मुलांच्या घरात असे प्राणी नकोत, असं जर्मनीची रॉबर्ट कॉख आरोग्यसंस्थाही सांगते.) ऑगस्टात स्पेनला गेलास तर याला कोण बघणार? मुलगी बघायला गेलेल्या मुलाचीच उलटतपासणी व्हावी, तसा पोरगा घाम पुसतो. जर्मन प्राणिसंरक्षण कायद्यानुसार पाळणाऱ्याला त्या प्राण्याचं ज्ञान असावंच लागतं. बुवांनी तर पाळणाऱ्यांच्या संघटनेची ऐच्छिक परीक्षाही दिली आहे. प्रमाणपत्र लॅमिनेट केलेलं आहे आणि ते दुसऱ्या खिशात आहे.

मग पाढा सुरू होतो. १९९७ साली जर्मन सरकारच्या कृषी मंत्रालयाने पेटीच्या किमान मापांचा अहवाल काढला. सरड्याचं नाक ते शेपटीचं मूळ एवढी लांबी मोजायची आणि तिला गुणायचं. दाढीवाल्या ऑस्ट्रेलियन सरड्यांच्या, म्हणजे 'बार्टआगामं'च्या जोडीला लांबी पाचपट, रुंदी चौपट, उंची तिप्पट. बावीस सेंटिमीटरचा प्राणी असेल तर ११० बाय ८८ बाय ६६. बुवा हे डोळे मिटून म्हणतात. पहिला सरडा म्हणून तेही हाच सुचवतात. शांत, दिवसा जागा, आणि समोर मोठा आला की एक हात हलवून 'आपण लहान, माफ करा' म्हणणारा. पण पोराला हा फार लहान वाटतो.

बरं, इग्वाना? पिल्लू वीतभर, पोपटी, गोजिरवाणं. चारेक वर्षांत दीड मीटर, त्यात निम्म्याहून जास्त शेपूट, आणि ती चाबकासारखी चालते. खाणं शुद्ध शाकाहारी, स्वभाव नाही. माजावर आलेला नर वर्षानुवर्षं भरवणाऱ्या मालकावरही धावून जातो. बुवांच्या मनगटावर त्याची सही आहे. तरी त्याच्यासाठी दर वसंतात ते पिशवी घेऊन ऱ्हाइनच्या कुरणात दुधळीची पानं खुडत फिरतात. मुलाकडे राहायला आलेली एखादी मराठी आजी त्यांना पाहून थबकते, पिशवीत डोकावते आणि खुणेनेच विचारते की ही भाजी लसूण घालून करतात का.

घोरपडीच्या कुळाला जर्मनमध्ये 'वारान' म्हणतात. "आमच्या घरी दोन वारान आहेत," असं बुवांनी सांगितल्यावर शेजारच्या मराठी इंजिनिअरला आधी भात आणि तूप आठवलं. नंतर कौतुकाने त्याने तानाजीची कथा सांगितली: १६७० सालचा कोंढाणा, कडा, यशवंती घोरपड, तिच्या कमरेला दोर. बुवांनी लक्षपूर्वक ऐकलं. मावळ्यांचं वजन आणि नखांची पकड यांवर वाद होईल असं इंजिनिअरला वाटलं होतं. बुवांची अडचण निराळीच निघाली. "महिना कुठला? फेब्रुवारी? आणि रात्री? अहो, हा प्राणी दिवसाचा. ऊन खाल्ल्याशिवाय हलत नाही. थंडीत, अंधारात तो कडा कशाला चढेल?" इतिहासकारांनी या कथेवर घेतलेल्या शंका इंजिनिअरच्या कानावर होत्या, पण घोरपडीच्या बाजूने कोणी बोललेलं त्याने पहिल्यांदाच ऐकलं. आपल्याकडे घोरपड पाळणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, हे मात्र बुवांना त्याच्याआधीच ठाऊक होतं.

हामला स्वस्तात मिळतं ते पश्चिम आफ्रिकेतल्या माळरानावरच्या घोरपडीचं पिल्लू. तळहातावर मावतं, म्हणून नवशिके भुलतात. ते मीटरभर होतं, फूट-दोन फूट माती उकरतं, आणि ऊन खायच्या जागी त्याला पन्नास-साठ अंश तापलेला दगड लागतो. रानात किडे, गोगलगायी खाणाऱ्या या जीवाला लोक उंदीर चारतात आणि मग त्याचा लोड होतो. इथे बुवांचा आवाज चढतो.

त्यांचा जीव जडलाय तो अर्जेंटिनाच्या तेगूवर. सव्वा मीटर, जबडा अक्रोड फोडेल असा, पण धीराने वाढवला तर स्वतःहून मांडीशी येऊन बसणारा. हिवाळाभर झोपतो. विणीच्या काळात तो स्वतःचं अंग आसपासच्या हवेपेक्षा दहा अंशांपर्यंत गरम ठेवू शकतो, हे २०१६ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. विजेचं बिल बघून बुवा म्हणतात, घरात हीटिंगला हातभार लावणारा हा एकटाच.

"मला अनुभव आहे," असं कोणी म्हणालं की बुवा रोबेर्ट मेर्टेन्सचं नाव काढतात. फ्रँकफर्टच्या झेंकेनबर्ग संग्रहालयातला हा मोठा माणूस, घोरपडींच्या कुळावर १९४२ साली ग्रंथ लिहिणारा. १९७५ साली घरीच पाळलेला, काटकीसारखा दिसणारा आफ्रिकन साप त्यांना चावला आणि अठरा दिवसांनी ते गेले. एवढं सांगून बुवा चष्मा पुसत बसतात.

पोरगा रिकामा खोका घेऊन परततो. मार्चमध्ये पुन्हा येतो. मोबाइलवर स्वतः बांधलेल्या पेटीचा फोटो आहे: दोन मीटर लांब, दिवे, माती, पाण्याची परात, सगळं. बुवा चष्मा चढवतात, दोन बोटांनी फोटो मोठा करतात, बराच वेळ बघतात.

"हा प्लग पाण्याच्या वर कोणी बसवला?"

आणि खिशातून टेप काढतात.